आईला घेऊन चांदर आणि केपेची जुनी घरं बघून आलो, आणि आमच्या बंद घराबद्दल विचारायचंय

कुळागर:
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीहून मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे म्हापशाला आली होती. दोन दिवस समुद्र झाला, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे खांदे उन्हाने सोललेले, मुलंच म्हणाली आज पाणी नको. मग मी म्हटलं चला, जुनी घरं दाखवतो, दक्षिण गोव्यातलं चांदरचं ब्रागांझांचं घर आणि पुढे केपेचा पालासिओ दो देआंव. आई 74 वर्षांची, गुडघ्यामुळे गेली पाच वर्षं लांब कुठे येत नाही, पण घरं बघायला जायचंय म्हटल्यावर म्हणाली मी पण येते, आणि कपाटातलं ठेवणीतलं पातळ नेसून आमच्याआधी गाडीत जाऊन बसली.

चांदरचं घर म्हणजे गावच्या पटांगणासमोर लांबच लांब माडी, खिडक्या किती ते मोजताना मुलांची भांडणं झाली, एकाच्या 22 आणि दुसऱ्याच्या 24. सतराव्या शतकात सुरुवात झालेलं घर, पुढच्या पिढ्यांनी वाढवत नेलं. आत मधे एकच जिना, वर गेलं की एका अंगाला मिनेझिस ब्रागांझा आणि दुसऱ्या अंगाला ब्रागांझा पेरेरा अशी एकाच घराण्याची दोन बिऱ्हाडं. लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे म्युझियममध्ये फिरतोय असं वाटत नाही, कुणाच्या तरी घरी पाहुणे गेलोय असं वाटतं आणि मुलंसुद्धा आपोआप हळू बोलायला लागली. नाचाचं दालन, झुंबरं, चिनी मातीची भांडी, पुस्तकांची कपाटं. वहिनी झुंबरांपाशी थांबली. आई मात्र कुठल्याही खोलीत शिरली की आधी वर बघायची, छताकडे. दोनदा विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, पाणी गळल्याचे डाग कुठे आहेत ते.

केपेला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. 1787 साली जुझे पाउलो नावाच्या पोर्तुगीज धर्मगुरूने, म्हणजे देआंवने, कुशावती नदीच्या काठी बांधलेलं घर. केपे शहर वसवलं तेही त्यानेच. समोर चर्च, मागे बाग, बाग उतरत नदीपर्यंत जाते. हे घर मधल्या काळात पार मोडकळीला आलं होतं, आताच्या यजमानांनी घेऊन कित्येक वर्षं खपून उभं केलं. तिथे शिंपल्याच्या खिडक्या आहेत. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला कळेना की काच अशी पांढुरकी का आणि पलीकडचं का दिसत नाही. आई पुढे झाली, लाकडी पट्ट्यांच्या मधल्या एका शिंपल्यावर नख हळूच टेकवलं आणि म्हणाली, गो बाय, ही काच नव्हे, शिंपला घासून पातळ केलेला आहे, आणि ह्या पट्टीत खाच असते, त्या खाचेत तो सरकवायचा, आमच्या घरी असाच होता आणि फुटला की आजोबा डब्यातला दुसरा काढून बसवायचे. मग माझ्याकडे बघून कोकणीत म्हणाली, "आमच्या घरा अशेंच आशिल्लें, तूं ल्हान आशिल्लो."

त्यानंतर ती परत येईपर्यंत बोलतच होती. कुठल्या खांबाला टेकून तिची सासू तांदूळ निवडायची, राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, तुळशीपाशी पावसाचं पाणी चारी बाजूंनी कसं पडायचं, बाळंतिणीच्या कुडीला, म्हणजे खोलीला, खिडकी किती छोटी होती. मी तिचा मुलगा, 43 वर्षांचा, ह्यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकत होतो.

आता प्रश्न. आमचं मूळ घर डिचोली तालुक्यात आहे, चौकाचं, चिऱ्याचं, आत लाकडी खांब आणि वर कौलं. 11 वर्षं बंद आहे. वर्षातून एकदा दिव्याला जाऊन येतो, तेवढंच. मागच्या पावसात एका कोपऱ्यात छप्पर खाली बसल्यासारखं झालंय. हिस्सेदार अनेक. मला म्युझियम वगैरे करायचं नाही, फक्त घर पडू नये एवढंच. ज्यांनी अशी घरं सांभाळली आहेत त्यांनी सुरुवात कुठून केली? आणि मुलांना दाखवण्यासारखी अजून कुठली घरं आहेत?

मांडवीकाठ:
छान लिहिलंय. आईंचं वर बघणं वाचून माझी आजी आठवली, ती पण कुणाच्याही घरी गेली की आधी वासे बघायची.

पर्वरीकडून तोर्डा गावात जेरार्ड द कुन्हा ह्या आर्किटेक्टने केलेलं हाऊसेस ऑफ गोवा म्युझियम आहे, रस्त्याच्या मधोमध जहाजासारखी निमुळती इमारत. ते घर नाही, घरांबद्दलचं म्युझियम आहे. जुनी दारं, खिडक्या, जाळ्या, कौलं, घरांचे नकाशे. आधी ते बघून मग चांदरला गेलं तर डोळ्यांना काय शोधायचं ते कळतं. जिने चढावे लागतात, आईंचा गुडघा बघून ठरवा. दुसरं बाणावलीचं गोवा चित्र, व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभं केलेलं. ती इमारतच मुळात पाडलेल्या जुन्या घरांमधून जमवलेली दारं, खांब, लाकूड वापरून बांधली आहे. आत नांगर, मापं, घाणे, भांडी. मुलांना तिथला उसाचा घाणा बघून फार मजा येते.

रानभेंडी:
कुळागर, मुलं कंटाळली नाहीत का? आम्ही गेलो होतो तेव्हा आमचा धाकटा दहा मिनिटांत बाहेर चला म्हणायला लागला. एका ठिकाणी (नाव देत नाही) दाखवणारा माणूस इतक्या घाईत होता की एका खोलीत दोन मिनिटं पण उभं राहू दिलं नाही, मग मुलांना काय आवडणार.

कुळागर:
रानभेंडी, चांदरला धाकट्याने तेच केलं. पण केपेला आईने प्रत्येकाला एकेक काम लावून दिलं. एकाने दारांच्या कड्या मोजायच्या, एकाने कुठे खिळा न मारता लाकूड जोडलंय ते शोधायचं, तर मुलीने जिथे जिथे माणसांचे हात लागून लाकूड गुळगुळीत झालंय ती जागा शोधायची. ह्या शेवटच्या कामात अर्धा तास गेला. दाराची चौकट माणसाच्या खांद्याच्या उंचीवर चमकते आणि तिच्याखाली वीतभरावर लहान मुलांच्या हातांची दुसरी चमक असते, हे तिने स्वतः शोधून काढलं.

सुतारपक्षी:
मी हा धागा वाचून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचतो. आमचं घराणं मेस्तांचं, आजोबा आणि वडील दोघे फोंडा आणि सत्तरी भागात घरांची लाकडं करायचे. मी स्वतः आता फर्निचर करतो, पण दरवर्षी दोनतीन जुन्या छपरांची कामं येतात म्हणून अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट, गोव्याच्या घरात लाकूड जागा बघून वापरलेलं असतं. दार, चौकट, देवकुडीचे खांब फणसाचे, कारण फणस रंगाने पिवळा, वर्षांनी तांबूस काळा होतो आणि त्यावर नक्षी सुबक उठते. तुळया किंदळ किंवा माट्याच्या, ज्यांना परवडलं त्यांनी सागाच्या. माट म्हणजे ऐन, आपला राज्यवृक्ष. गरिबाघरी माडाचे वासे आणि पोफळीच्या रिपा, आणि त्या काही कमी टिकत नाहीत, फक्त धूर लागला पाहिजे. चुलीचा धूर रोज छपराला लागायचा, त्याने लाकूड कोरडं राहायचं आणि किडा फिरकायचा नाही. घर बंद झालं की आधी चूल थांबते. माझे वडील म्हणायचे, घर पावसाने पडत नाही, चूल विझल्याने पडतं.

दुसरी गोष्ट, खांब कधी जमिनीत पुरलेला नसतो. खाली दगडाचा तळखडा, त्यावर खांब नुसता ठेवलेला. राजांगणात पाणी साचलं तरी लाकडाचं टोक ओलं होऊ नये म्हणून. बऱ्याच लोकांनी पुढे फरशी घालताना किंवा कोबा करताना तळखडा बुजवून टाकला, खांबाचं टोक सिमेंटमध्ये गेलं आणि दहापंधरा वर्षांत तिथून कुजलं. तुमच्या घरी हे झालंय का बघा.

तिसरी, सांधे. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेला असतो, तो तुळईच्या भोकात बसतो आणि आडवी लाकडी खुंटी मारलेली असते. लोखंड नाही. त्यामुळे एक वासा गेला तर तेवढाच काढून नवा घालता येतो, सगळं घर उतरवायला लागत नाही. कोपरा खाली बसला म्हणजे बहुतेक कोनवासा गेला असणार, म्हणजे दोन उतारांच्या मिळणीवरचा तिरका वासा. तिथे सगळ्यात जास्त पाणी येतं आणि कौल एक जरी सरकलं तरी पाणी सरळ त्या वाशावर. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हे विसरून चालत नाही.

आता काय करायचं. मिरगाआधी छपरावर चढून नुसती कौलं परतून घ्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल. शाकारणी एक वर्ष चुकली तर लाकूड निभावतं, पण सलग तीन वर्षं चुकली की नाही निभावत.

मांडवीकाठ:
सुतारपक्षी, तुमच्या वडिलांचं ते चुलीचं वाक्य मी लिहून ठेवलं.

चिरेबंद:
सुतारपक्षींच्या माहितीबद्दल आदर ठेवून एक मुद्दा. धाग्यात लाकडी घर लाकडी घर चाललंय, पण गोव्याचं घर हे लाकडी सांगाड्याचं घर नव्हे. भार चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती घेतात, लाकूड आहे ते छपराला आणि चौकाभोवतीच्या खांबांना. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, हवेला ठेवला की घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे दगडाचं घर परवडलं. ह्याउलट पुण्यातले वाडे, ते खरे सांगाड्याचे, खांब आणि तुळया आधी उभ्या करायच्या आणि मग मधे विटा भरायच्या. हा फरक दुरुस्तीसाठी महत्त्वाचा आहे. कुळागर, तुमच्या भिंतीला उभी भेग गेली असेल तर आधी भिंत बघा, वासा नंतर.

पुण्याचीमाई:
चिरेबंद म्हणतात ते खरं आहे, मी स्वतः सदाशिव पेठेत वाड्यात वाढले, लग्नानंतर गोव्यात आले, आता नातवंडांच्या निमित्ताने परत पुण्यात. वाड्याचं माप खणात सांगायचे, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, अमुक खणी सोपा, तमुक खणी माजघर. आमच्या भिंतीत खिळा मारला की माती पडायची, मग आई सांगायची लाकूड बघून मार. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, रात्री वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली गाद्यांवर बारीक माती पडायची.

पुण्याला आलात तर मुलांना विश्रामबागवाडा दाखवा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, 1807 मध्ये पुरा झाला. सागवानाचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, वरून केळफुलासारखे. 1879 साली त्याला आग लावली गेली होती, तरी पुण्याच्या लोकांनी परत उभा केला. शनिवारवाड्याला 1828 मध्ये आग लागली आणि तिथे आज नुसती जोती आणि तट राहिलेत, कारण वरचे मजले लाकडाचे. आमचा वाडा आगीत नाही गेला. बिल्डरने नेला. एक खांब मी मागून घेतला होता, तो ह्या घराच्या बाल्कनीत आडवा ठेवलाय, त्यावर कुंड्या आहेत. तो उभा करायला जागाच नाही इथे.

सुतारपक्षी:
चिरेबंद, तुमचं मान्य आहे, भिंत आधी. एवढंच सांगतो की चौकाच्या घरात आतल्या बाजूला भिंत नसते, वसरीचं, म्हणजे चौकाभोवतीच्या ओसरीचं, सगळं छप्पर खांबांवर असतं, त्यामुळे राजांगणापुरतं ते सांगाड्याचंच घर. बाहेरून चिरा, आतून लाकूड. दोन्ही बघावं लागतं.

माई, खांब आडवा ठेवला असेल तर खाली दोन ठोकळे घाला आणि कुंड्या काढा. पाणी झिरपतंय त्यात.

पुण्याचीमाई:
आजच काढते.

सासष्टकर:
चांदरबद्दल थोडं. मी शेजारच्याच गावचा. मिनेझिस ब्रागांझा म्हणजे लुईस द मिनेझिस ब्रागांझा, 1878 ते 1938, पत्रकार, पोर्तुगीज राजवटीत राहून त्यांच्याच भाषेत त्यांच्याविरुद्ध लिहिणारा माणूस. 1900 साली ओ हेराल्दो हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि पणजीतली मिनेझिस ब्रागांझा संस्था त्यांच्याच नावाने. तुम्ही बघितलेली पुस्तकांची कपाटं ती ह्या माणसाच्या घरची. मुलांना झुंबराआधी ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. गावात मोडक्या देवळाची जागा आणि डोकं नसलेला नंदी आहे, घर बघून लोक परत फिरतात, तिथे कुणी जात नाही.

कुळागर:
सासष्टकर, नंदी राहिला, पुढच्या वेळी नक्की. लुईसबद्दल घरात सांगितलं होतं, पण मुलांच्या डोक्यावरून गेलं, मीही नीट समजावून सांगितलं नाही.

काल एकटाच गावच्या घरी जाऊन आलो. भेग नाही, चिरेबंद, भिंती चारही बाजूंनी दोरी धरून बघितल्या, सरळ आहेत. खाली पडलेलं एक कौल उचललं तर त्यावर इंग्रजीत बासेल मिशन टाइल वर्क्स मंगलोर आणि 1865 असं उमटलेलं. म्हणजे आमचं छप्पर 1865 सालचं? आई म्हणते घर तिच्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलं, हिशेब जुळतोय असं वाटतं.

सासष्टकर:
नाही, थांबा. 1865 हे त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला पहिला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला आणि पुढे कितीतरी वर्षं ते साल कौलावर छापत राहिले. तुमचं कौल 1900 चं असेल, 1930 चंही असू शकेल. एवढंच नक्की की मंगलोरी कौल 1865 नंतरचं. घर त्याहून जुनं असेल तर आधी त्यावर नळे असणार, अर्धगोल, कुंभाराने केलेले. माळ्यावर कुठे पडलेले सापडतील.

कुळागर:
सापडले! माळ्यावर नाही, मागच्या पडवीत, तुळशीच्या जुन्या कुंडीभोवती उलटे रोवलेले. लहानपणी आम्ही त्यावरून उड्या मारायचो, ते काय आहे हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, अरे ते नळे, सासूबाईंनी टाकू दिले नाहीत.

स्विंडनकर:
इंग्लंडहून लिहितोय, आमच्या गावात गोंयकार इतके आहेत की बाजारात कोकणी ऐकू येते. मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या मुलांना घेऊन स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं जन्मघर बघायला गेलो होतो. ते खरं लाकडी सांगाड्याचं घर, ओकचं, चिरेबंद म्हणतात तसलं. इथे ओक ताजं, ओलं असतानाच कापून सांधे करायचे, लाकडी खुंट्या मारायच्या, आणि लाकूड वाळत जाईल तसा सांधा आवळत जायचा. तुळया थोड्या वाकलेल्या दिसतात त्या त्यामुळे. सांगाड्याच्या मधल्या जागेत काटक्या विणून वर माती आणि शेण. मी बहिणीला म्हटलं ही तर आपली कुडाची भिंत! तिला आमच्या आजोळची गोठ्याची भिंत आठवली. आणि आपल्याकडे खोलीलाच कूड म्हणतात.

सांगायचं हे की 1847 साली ते घर लिलावात निघालं होतं. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून 3000 पौंडांना विकत घेतलं आणि पुढे दुरुस्त करताना आगीच्या भीतीने शेजारची चिकटलेली घरं काढून टाकली. एका खिडकीच्या जुन्या काचांवर बघायला आलेल्यांनी आपापली नावं कोरलेली आहेत, ती काच आता आत जपून ठेवलीय. तिथे माझ्या आईने त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून विचारलं, ह्यांचं देवघर कुठे होतं रे. ते तेवढं मला सांगता आलं नाही.

रानभेंडी:
आम्ही पद्मनाभपुरमला गेलो होतो, कन्याकुमारी जिल्ह्यात आहे पण सांभाळतं केरळचं पुरातत्त्व खातं. लाकडाचं काम बघायचं तर ते बघावं, छताला नव्वद प्रकारची वेगवेगळी फुलं कोरलेली एकच खोली आहे आणि काळी जमीन अशी चकाकते की चेहरा दिसतो. चपला काढून फिरावं लागतं. आमचा धाकटा जो इकडे कंटाळला होता तो तिथे जमिनीवर पालथा पडून स्वतःचं प्रतिबिंब बघत होता.

कायदेकानू:
मी जमीनजुमल्याच्या कामात आहे म्हणून हिस्सेदारांच्या मुद्द्यावर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच येते आणि लाकडावर चर्चा करून ती सुटत नाही.

गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती, तीत मुलगा मुलगी समान वारस, आणि नवराबायकोची मालमत्ता सामायिक. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्याच 2012 च्या कायद्यात आहे, पण तत्त्व तेच. न्याय्य कायदा आहे, माझ्यासारख्या बायकांना आजोळच्या घरात हक्क त्यानेच मिळाला. पण तीन पिढ्या इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, केली नाही की एका घराला तीसचाळीस मालक होतात, कोण मुंबईत, कोण लिस्बनला, आणि मग कुणीच कौल परतत नाही, कारण कौल परतणाऱ्याने पैसे घालायचे आणि बाकीचे म्हणणार हा घर बळकावतोय. मी अशी घरं बघितलीत जिथे भांडण नाहीच मुळी, सगळे चांगले, फक्त प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला राग येईल.

तर कुळागर, सुरुवात म्हणून एक साधं पत्र करा. आम्ही पावसाआधी फक्त छपराची दुरुस्ती करतोय, खर्च अमुक, त्यामुळे कुणाच्या हिश्शात बदल होत नाही. सगळ्यांच्या सह्या घ्या, बाहेरगावच्यांची ईमेलवर संमती घ्या, आणि कामाआधी नि कामानंतरचे फोटो तारखेसकट ठेवा. पंचायतीतही लेखी कळवून ठेवा. इन्व्हेंटरी वर्षभरात सुरू करा पण छप्पर तोवर थांबणार नाही.

कुळागर:
कायदेकानू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, मोठ्या काकांना मीच फोन करते. त्यांचं आणि बाबांचं काही कारणाने वीस वर्षं बोलणं नव्हतं, बाबा गेल्यावरही ते आले आणि गेले. आईने फोन लावला आणि सगळ्यात आधी केपेच्या शिंपल्याच्या खिडकीबद्दल सांगायला लागली. छपराबद्दल एक शब्द नाही. पंधरा मिनिटांनी काकाच म्हणाले, आपल्याकडे ते शिंपले एका पत्र्याच्या डब्यात असायचे, देवकुडीच्या कपाटात खालच्या कप्प्यात, बघितलेस का?

चिरेबंद:
मग? बघितलेत का?

कुळागर:
रविवारी सगळे गेलो. आई, आम्ही चौघं, आणि डिचोलीहून काका त्यांच्या मुलाबरोबर. कुलूप उघडायला काकांची किल्ली लागली, माझ्याकडची गंजली होती. डबा होता. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिंपले, वर्तमानपत्राचे तुकडे हातात घेतल्याबरोबर चुरा झाले पण शिंपले तसेच. अठरा अख्खे निघाले. मुलीने एकेक उजेडाला धरून बघितला, प्रत्येकाच्या आत जरा वेगळ्या गोल रेषा आहेत, झाडाच्या खोडात असतात तशा.

सुतारपक्षी, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. कोनवासाच गेलाय. आणि दुसरं पण, वसरीच्या आठ खांबांपैकी दोघांचे तळखडे कोब्यात बुजलेले आहेत, तो कोबा बाबांनीच घातला होता, मला आठवतोय तो दिवस. एका खांबाच्या बुडाशी पेन्सिल घातली तर आत गेली.

सुतारपक्षी:
किती आत? आणि खांबाच्या वरच्या भागावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, वीत वीत अंतराने, खालून वर. टणक आवाज कुठून सुरू होतो तिथे खडूने खूण करा. बूडच गेलं असेल तर अख्खा खांब बदलायचा नाही. खाली कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडता येतो, खाच घालून आणि खुंटी मारून, तोवर तुळईला बाजूने टेकू द्यायचा. आणि कोबा फोडून तळखडा मोकळा करायचाच. वाळवी असेल तर मातीतला तिचा मार्ग आधी तोडा, मग खांबाला काजूच्या टरफलाचं तेल लावा, हातमोजे घालून, कातडी जाळतं ते.

कुळागर:
पेन्सिल तीन इंच आत गेली. ठोकून बघितलं, गुडघ्याच्या वर सगळीकडे टणक. मुलीने खडूने रेघ मारली आणि तिच्या बाजूला तारीख लिहिली. खांब फणसाचाच आहे, काका म्हणाले कुळागरातला, म्हणजे घरच्या बागेतला, फणस पाडून केलेला.

पत्रावर आत्तापर्यंत सात सह्या आल्यात, चार बाकी. लिस्बनच्या आतेबहिणीने संमतीबरोबर पैसेही पाठवते म्हणून लिहिलंय, मी मागितले नव्हते.

पुण्याचीमाई:
कुळागर, माझा बाल्कनीतला खांब सागाचा आहे, सहा फूट. तुम्हाला जोडायला चालत असेल तर घेऊन जा. इथे तो असाच पडून राहणार.

सुतारपक्षी:
माई, फणसाला फणसच जोडावा, साग आणि फणस वेगवेगळे फुगतात. पण कोनवाशाच्या आधाराला, टेकूला, त्या लांबीचा सागाचा खांब फार उपयोगी आहे. नंतर वसरीत एका कोपऱ्यात तळखड्यावर उभाही करता येईल.

पुण्याचीमाई:
उभा करणार असाल तर नक्की पाठवते. भाचा पंधरा तारखेला गाडी घेऊन मडगावला येतोय.

कुळागर:
माई, काय बोलू. आईला सांगितलं, ती म्हणाली तळखड्याचा एक जादा दगड गोठ्यात आहे, त्यावर गुळाची ढेप ठेवायचे.

पंधरापर्यंत पाऊस आपली वाट बघणार नाही, म्हणून तोवर शेजाऱ्यांकडच्या दोन माडाच्या सोटांवर तुळई टेकवून ठेवतोय. कौलं परतायला माणूस उद्या सकाळी सातला येतोय, शिडी काकांकडून आलीय. सुतारपक्षी, तुम्ही निरोपातून शनिवारी येता म्हणालात ते पक्कं धरतो, डिचोली बसस्टँडवरून मी घ्यायला येईन. आई म्हणते त्या दिवशी जेवण तिथेच करायचं, मागच्या चुलीवर.